कोंबडी खुडूक झाली आहे? अंडी ठेवण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात कोपरखैरण्याहून एक ताई घरी आल्या. पिशवीत बाजारातून आणलेली बारा तपकिरी अंडी, घरी दोन कोंबड्या आणि प्रश्न एकच: यातली कुठली कोंबडी अंड्यांवर बसवू? दोन्ही कोंबड्या त्या वेळी अंडी देत होत्या, म्हणजे बसणारी त्यात एकही नव्हती. अंडी कुणाकडची, त्या कोंबड्यांमध्ये कोंबडा होता का, अंडी किती दिवसांची, यातलंही काही त्यांना सांगता येईना. ती अंडी खायला वापरा, एवढंच मला सांगता आलं. त्यांचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं.

नवीन माणसाचं बहुतेक इथेच चुकतं. तो आधी अंडी जमवतो आणि मग कोंबडी शोधत फिरतो. खरा क्रम उलटा आहे. आधी कोंबडीने स्वतःहून खुडूक व्हायचं, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसायची ओढ तिला लागायची, मग आपण तिची जागा तयार करायची आणि अंडी सगळ्यात शेवटी आणायची. एकदा ती नीट बसली की पुढचे एकवीस दिवस काम तिचं. आपल्या चुका होतात त्या बसवण्याआधी, आणि मग शेवटच्या दोन दिवसांत, धीर सुटल्यामुळे.

मी घणसोली गावात राहते. माहेर मुरबाडकडचं. सिडको १९७० साली आली, भातखाचरं गेली, मिठागरं गेली, पण गावठाणातल्या घरांमागे खुराडी अजून आहेत. सासूबाईंकडून मी जे शिकले आणि स्वतः चुकून जे कळलं ते इथे लिहिते आहे. हे ठाणे आणि नवी मुंबईतल्या त्या लोकांसाठी आहे ज्यांच्याकडे घरामागे चार पावलं तरी माती आहे: गावठाणातलं घर, बैठी चाळ, घोडबंदर किंवा येऊरकडची एखादी वाडी. इमारतीच्या गॅलरीत हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खुडूक कोंबडीला दिवसातून एकदा मातीत लोळायला लागतं, पिल्लांना उकरायला जमीन लागते, आणि शेजाऱ्यांशी भांडण होऊन कोंबड्या द्याव्या लागल्या तर अर्ध्यावर सगळंच मोडतं.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात. चार महिन्यांनी ते पहाटे चारला आरवतील, एकमेकांशी भांडतील. त्यांचं काय करायचं, खायचे, विकायचे की गावाला पाठवायचे, हे घरात बोलून ठेवा. पिल्लं हातात आल्यावर हा विषय काढणं फार जड जातं.

खुडूक आहे की नुसती रुसली आहे

कोंबडीला खुडूक व्हायला कोंबडा लागत नाही. आरवण्याच्या भीतीने कोंबडा न पाळणाऱ्या शहरातल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. दोन गावठी कोंबड्या ठेवा, त्यातली एक खुडूक झाली की कोंबडा असलेल्या घरून अंडी आणा.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि मग अंगातल्या प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे तिला बसायची ओढ लागते. त्याची चिन्हं ओळखायला सोपी आहेत. ती अंडी द्यायच्या जागेवरून उठत नाही, रात्रीही दांडीवर न जाता तिथेच थांबते. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते, टोचते. चालताना 'कुडुक कुडुक' असा सारखा आवाज करते. छातीखालची पिसं गळतात किंवा ती स्वतः उपटते, कारण अंड्यांना तिच्या उघड्या कातडीची ऊब लागते. आणि दिवसातून एकदाच उठून भलीमोठी, घाण वासाची शीट टाकते. ती बघून नवखी माणसं घाबरतात, पण तेच तर खात्रीचं लक्षण आहे.

दिवसभर खुराड्यात बसून राहणारी, पण हात लावला की उठून जाणारी, तुरा फिका पडलेली, शीट पातळ आणि हिरवट असलेली कोंबडी खुडूक नाही, आजारी आहे. तिला बाकीच्यांपासून वेगळी करा आणि जनावरांच्या दवाखान्यात विचारा.

कोंबडीवर भरवसा बसेपर्यंत तिला खोटी अंडी द्या. दोन-तीन प्लास्टिकची किंवा बाजारातली साधी अंडी तिच्याखाली ठेवा आणि सलग दोन रात्री टॉर्च घेऊन बघा. दोन्ही रात्री ती बसलेली असेल तर कामाला लागा. पहिल्यांदाच अंडी देणारी तलंग असेल तर मी तिला सहसा बसवत नाही. चौदाव्या-पंधराव्या दिवशी तिचा जीव उडतो आणि सगळं वाया जातं. एकदा पिल्लं वाढवलेली कोंबडी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

जातीचाही प्रश्न येतो. वनराज, गिरिराज, कावेरी या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्यांच्यात बसायची ओढ फार कमी उरलेली असते. कडकनाथही बसायला बेभरवशाची. पिल्लं कुठल्याही जातीची हवी असली तरी बसायला साधी गावठी कोंबडीच घ्या. मध्यम अंगाची, शांत, पायावर पिसं नसलेली.

टोपली आणि तिची जागा

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण जागा चुकली तर बाकी सगळं बरोबर करूनही पदरात काही पडत नाही.

पहिल्या वर्षी मी कोंबडीला तिच्या नेहमीच्या खुराड्यातच बसू दिलं. बाकीच्या कोंबड्या तिथेच अंडी द्यायला यायच्या, तिला ढकलायच्या, तिच्याखाली नवी अंडी घालायच्या. तिसऱ्या आठवड्यात तिच्याखाली अठरा अंडी झाली होती आणि त्यातली ताजी कुठली, जुनी कुठली ते कळायला मार्ग नव्हता. पाच पिल्लं निघाली, ती त्यांना घेऊन उठली आणि उरलेल्या अंड्यांत अर्धी वाढलेली पिल्लं थंड पडून मेली. तेव्हापासून बसणारी कोंबडी मी नेहमी वेगळी ठेवते.

जागा अंधारी, हवेशीर, पाऊस न लागणारी आणि येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली हवी. आमच्याकडे मागच्या पडवीतला कोपरा आहे. पत्र्याच्या छपराच्या अगदी खाली ठेवू नका, दुपारी तो भट्टीसारखा तापतो. तिथेच ठेवावं लागत असेल तर पत्र्यावर पेंढा किंवा ओलं गोणपाट टाका.

टोपली बांबूची, पसरट, दीड फूट रुंद, वीतभर खोल. भाजीची जुनी पाटी चालते, फळांचा लाकडी खोका चालतो. वापरलेली टोपली असेल तर आधी उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. बांबूच्या विणीत पिसवा आणि लाल किडे लपून राहतात, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. चांगली बसलेली कोंबडी दहाव्या दिवशी अचानक टोपली सोडते तेव्हा लोक तिला दोष देतात. अशा वेळी आधी टोपलीची वीण उलटी करून बघा.

तळाला दोन बोटं माती पसरा आणि हाताच्या मुठीने मध्ये उथळ खळगा करा, म्हणजे अंडी आपोआप आत सरकून एकत्र राहतात. खळगा फार खोल केला तर अंडी एकमेकांवर चढतात आणि फुटतात. मातीवर भाताचा कोरडा पेंढा, चुरगाळून मऊ केलेला. पेंढा हल्ली नवी मुंबईत सहज मिळत नाही. मी माहेराहून आणते, पनवेल, कल्याण, शहापूरकडेही मिळतो. नसेल तर लाकडाचा जाड भुसा चालेल. कापूस आणि कापडाच्या चिंध्या नकोत, पायात अडकतात. बुरशीचा वास येणारा पेंढा तर अजिबात नको.

कोंबडीलाही तपासा. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं बाजूला करून बघा. उवा दिसल्या तर दवाखान्यातून पावडर आणा आणि बसवण्याच्या दोन दिवस आधी लावा. चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून एका घमेल्यात तिच्याजवळ ठेवा. रोज उठल्यावर ती त्यात लोळेल. मुठीभर कडुलिंबाचा पाला मी पेंढ्याखाली घालते, तो सासूबाईंचा नेम आहे.

मग शत्रू. घूस, मांजर, मुंगूस आणि कधीतरी धामण, या चौघांपासून रात्री बंदोबस्त हवा. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी पुरत नाही, तिच्यातून लहान उंदीर आणि साप आत येतात. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि खाली जमिनीत वीतभर पुरा. येऊरच्या बाजूला राहत असाल तर बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे खुराडं घराच्या भिंतीला लागून आणि पक्क्या दाराचंच हवं.

अंडी कुठून आणि कशी

दुकानातली पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. तिथे कोंबडा नसतोच, त्यामुळे ती कितीही उबवली तरी त्यातून पिल्लू येणार नाही. 'गावठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अंड्यांचाही भरवसा नाही. ज्या घरी कोंबडा कोंबड्यांबरोबर मोकळा फिरतो आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरी आहे, त्या घरची अंडी मागून घ्या. नवा कोंबडा आणला असेल तर आठवडाभर थांबून मग अंडी जमवायला सुरुवात करा.

अंडं मध्यम आकाराचं, नेहमीच्या घाटाचं, गुळगुळीत कवचाचं निवडा. फार मोठं, लांबुडकं, खरबरीत, तडा गेलेलं नको. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवून बघा. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. अंडी धुऊ नका. कवचावर निसर्गतः एक पातळ थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. थोडी माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. शीट माखलेलं अंडं बाजूला काढा.

अंडी किती दिवसांची चालतात, याचं उत्तर आपल्या हवेत पुस्तकातल्यापेक्षा कमी आहे. थंड जागी, म्हणजे पंधरा-सोळा अंश सेल्सिअसला, आठवडाभर ठेवलेलं अंडं चांगलं निघतं. ठाण्यात अशी खोली कुठली? एकवीस अंशांच्या वर गेलं की आतला गर्भ थोडाथोडा वाढायला लागतो, आणि पुरेशी ऊब नसल्याने कमजोर पडतो. म्हणून थंडीत सहा-सात दिवसांची, आणि मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांचीच अंडी घ्या. माझी आई परातीत ओली वाळू घेऊन त्यावर छोटं मडकं ठेवते, मडक्यात कोरडं तूस घालून अंडी टोकाकडची बाजू खाली करून उभी करते. एवढ्यानेही चांगला गारवा राहतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. रोज एकदा अंडी थोडी कलती करा, म्हणजे आतला गर्भ कवचाला चिकटत नाही.

मुरबाडहून घणसोलीपर्यंत अंडी आणायची म्हणजे आधी एसटीने कल्याण, मग लोकलने ठाणे, तिथून गाडी बदलून घणसोली. मी ती तुसाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक अंडं कागदात गुंडाळून आणते. डबा मांडीवर घेऊन बसते, खाली ठेवत नाही. घरी आल्यावर लगेच कोंबडीखाली घालत नाही. टोक खाली करून निदान बारा तास, जमलं तर पूर्ण दिवस शांत ठेवते. धक्क्यांनी हललेली आतली हवेची पोकळी तेवढ्यात जागेवर येते. खड्ड्यांच्या रस्त्याने स्कूटरच्या डिकीतून आणलेली अंडी मात्र बऱ्याचदा वाया जातात.

किती अंडी? गावठी कोंबडीच्या पंखांखाली दहा ते बारा नीट झाकली जातात. थंडीत दहाच ठेवा. बसल्यावर एकही अंडं बाहेर दिसता कामा नये. कोंबडी रोज अंडी आतबाहेर फिरवते, त्यामुळे आज बाहेर राहिलेलं अंडं उद्या दुसरंच असतं, आणि एका अंड्याच्या हावेपायी चार-पाच गार पडतात.

कुठला महिना

आपल्याकडे दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने कोंबडी टोपलीवर धापा टाकते. पावसाळ्यात पेंढा ओला होतो, बुरशी येते, आणि निघालेल्या पिल्लांना ओल्या जमिनीतून रक्ती हगवण लागते. पावसात कोंबडी खुडूक झालीच तर मी तिला शक्यतो बसवत नाही.

दिवाळीच्या आधी का नाही? फटाके. आवाजाने अंड्यातलं पिल्लू मरत नाही, पण कोंबडी दचकून उडते आणि तिच्या पायाखाली दोन-चार अंडी फुटतात. गावात मिरवणूक, लग्नाचा बँड, जत्रा कधी आहे ते कॅलेंडरवर बघूनच तारीख धरा.

रात्री बसवणं

सगळं तयार झालं की रात्री आठ-नऊनंतर, अंधारात कोंबडीला उचला. दोन्ही पंख अंगाशी धरून, हळू. आधी उचलतानाच तिच्या पंखाखाली खोटं अंडं अडकलेलं नाही ना ते बघा. नव्या टोपलीत खोट्या अंड्यांवर तिला ठेवा आणि वर डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली, झाका. दिवसा जागा बदलली तर ती जुन्या जागेकडे पळते, रात्री मात्र जिथे ठेवाल तिथे बसून राहते. सकाळी ती टोपलीतच शांत असेल तर त्या दिवशी रात्री खरी अंडी तिच्याखाली सरकवा आणि खोटी काढून घ्या.

सगळी अंडी एकाच रात्री. आज पाच, परवा पाच असं कधीच करू नका. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एक रेघ ओढा, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने चोरून अंडं घातलं तर लगेच दिसेल आणि काढता येईल. पेन नको, शाई कवचातून आत जाते. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहा. हिशेब सोपा आहे: ज्या वारी रात्री बसवली, त्याच वारी तीन आठवड्यांनी पिल्लं. शनिवारी रात्री बसवली तर तिसऱ्या शनिवारी-रविवारी, सुट्टीच्या दिवशी, घरात माणूस असताना निघतात.

आमच्याकडे जुनी बायामाणसं टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवायची, वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. सासूबाई अजून एक खिळा ठेवतात. मी तो काढत नाही. फक्त तो पेंढ्याच्या खाली, अंड्यांना लागणार नाही असा ठेवते.

एकवीस दिवस

रोज सकाळी एकदा, ठरलेल्या वेळी, डालगं उचला. बहुतेक कोंबड्या स्वतः उठतात, खातात, पाणी पितात, शीट टाकतात, राखेत लोळतात आणि पंधरा-वीस मिनिटांत परत बसतात. जी उठतच नाही तिला हलक्या हाताने उचलून खाली ठेवा, नाहीतर ती उपाशी बसून वाळते किंवा टोपलीत घाण करते. दाणे अख्खे द्या: मका, ज्वारी, तांदूळ, भात. वाशीच्या दाणाबाजारात कणी आणि मका स्वस्त मिळतो. दाणे पचायला वेळ लागतो, शीट घट्ट राहते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य तिला या काळात नको. पाणी स्वच्छ आणि हाताशी हवं. या तीन आठवड्यांत तिचं वजन उतरतं, तुरा फिका होतो, ते साहजिक आहे.

एखाद दिवशी ती तासभर परतली नाही तर अंडी फेकू नका. आपल्या हवेत ती लगेच गार पडत नाहीत, आणि गर्भ थोडा गारवा सोसतो. तिला परत बसवा आणि वाट बघा. टोपलीत अंडं फुटलं तर मात्र लगेच घाण झालेला पेंढा बदला, बाकीची अंडी कोमट ओल्या फडक्याने अलगद पुसा आणि परत ठेवा. चिकट बलक लागलेली अंडी नासतात आणि मुंग्या येतात. मुंग्यांसाठी टोपलीखाली चार विटा आणि विटांभोवती राखेची रेघ.

अंडी फिरवायचं काम तिचं आहे. ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीने फिरवते. तुम्ही हात घालू नका.

सातव्या रात्री अंड्यात बघा. यासाठी मोबाईलचा टॉर्च पुरतो. खोलीत अंधार करा, टॉर्चवर मूठ अशी धरा की प्रकाश फक्त वरच्या भोकातून येईल, आणि अंड्याची बोथट बाजू त्यावर टेकवा. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला तर पिल्लू वाढतंय. आत नुसता पिवळसर उजेड, काहीच नाही, तर अंडं फळलेलंच नाही. लाल गोल कडं दिसलं तर गर्भ सुरू होऊन मेला. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाका, नाहीतर उकाड्यात सडतात, फुटतात आणि चांगल्या अंड्यांनाही घाण लागते. तपकिरी कवचात नीट दिसत नाही. शंका असेल तर अंडं राहू द्या, चौदाव्या रात्री पुन्हा बघा. तेव्हा जिवंत अंडं हवेची पोकळी सोडून पूर्ण काळं दिसतं. अठराव्या दिवसानंतर बघणं बंद.

काही जण अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडतात, हललं तर जिवंत म्हणतात. मी हे करत नाही आणि तुम्हीही करू नका. बारीक तडा असला किंवा पिल्लाने आतून चोच मारायला सुरुवात केली असली तर पाणी आत शिरून ते बुडून मरतं.

फुटायचे दिवस

विसाव्या दिवशी कान टोपलीजवळ नेलात तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते. पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, आणि आई घशातून हलक्या आवाजात त्याला उत्तर देते. हा आवाज ऐकायला मी दर वेळी पडवीत फरशीवर बसते.

मग कवचाला तारेसारखा तडा जातो. इथून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मधे पिल्लू तासन् तास काहीच करत नाही, आपल्याला वाटतं ते मेलं. त्या वेळात ते आतल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. दुसऱ्या वर्षी माझा धीर सुटला. मी नखाने कवच सोललं. आतून रक्त आलं आणि पिल्लू अर्ध्या तासात गेलं. ते बहुधा स्वतःच्या वेळेने नीट आलं असतं. त्या पिल्लाची आठवण मला अजून त्रास देते, म्हणून हे इतकं ठासून लिहिते: सोलू नका.

एकच मदत करा. सकाळ-संध्याकाळ एकदा, कोंबडी शांत असताना, हात सरकवून रिकामी कवचं काढा. अर्धं कवच दुसऱ्या तडकलेल्या अंड्यावर टोपीसारखं बसतं आणि आतलं पिल्लू अडकून मरतं. बाकी तिला सोडा. पिल्लांना पहिले दोन दिवस दाणा लागत नाही, पोटातला बलक पुरतो. त्यामुळे पहिलं पिल्लू निघाल्यावर खायला द्यायची घाई नको. दाणा दिसला की आई उठते आणि उरलेली अंडी गार पडतात.

बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत थांबा. त्यानंतर न फुटलेली अंडी काढा आणि लांब मातीत पुरा.

पिल्लं आणि आई

पहिला आठवडा आई आणि पिल्लं मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीत. पाणी पसरट बशीत, बशीत चार खडे घाला म्हणजे पिल्लू बुडत नाही. दाणा म्हणून बारीक कणी, बाजरीचा भरडा, आणि जमत असेल तर पिल्लांचं तयार खाद्य, त्यात प्रथिनं पुरेशी असतात. आमच्याकडे सुकट आणि जवळा देण्याची पद्धत आहे. द्या, पण आधी दोन पाण्यांत धुऊन, वाळवून, कुटून, आणि चिमूटभरच. खारं जास्त गेलं तर पिल्लं मरतात.

नवी मुंबईत पिल्लांचा सगळ्यात मोठा चोर घार नाही, कावळा आहे. तो एकटा येत नाही, एक आईला हुलकावणी देतो आणि दुसरा पिल्लू उचलतो. त्यामुळे महिनाभर पिल्लं मोकळी सोडाल तेव्हा माणूस जवळ हवा, किंवा वर जुनं मासेमारीचं जाळं ताणा. गावातल्या कोळी घरी फाटकं जाळं मागितलं तर मिळतं.

पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडी रोगाची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस द्या. एक थेंब डोळ्यात. एका कुपीत शंभर किंवा जास्त पिल्लांची लस असते आणि उघडल्यावर ती काही तासच टिकते, म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून, एकाच दिवशी, बर्फात ठेवून आणावी. ही लस चुकवलेली पिल्लं मानमोडीच्या साथीत सरसकट जातात. देवीची आणि पुढच्या लसी कधी द्यायच्या ते दवाखान्यात विचारून घ्या.

खाडीकाठी राहणाऱ्यांना एक वेगळी सूचना. बगळे, बदकं, रोहित (फ्लेमिंगो) येतात त्या पाणथळीत कोंबड्या सोडू नका आणि त्यांचं पाणी उघड्यावर ठेवू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला तेव्हा आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. एका दिवसात दोन-तीन कोंबड्या कारण नसताना मेल्या तर त्या कापू नका, फेकू नका, हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

खुडूक आहे, पण बसवायची नाही

पावसाळा असेल, किंवा चांगली अंडी मिळाली नाहीत, तर तिला नुसतं रिकाम्या टोपलीत बसू देऊ नका, ती झिजते. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असा उंचावर, उजेडात ठेवा. दाणापाणी नेहमीचं. पोटाला वारा लागला की तीन-चार दिवसांत खुडूकपणा उतरतो. पाण्यात बुचकळणं आणि नाकपुडीत पीस खुपसणं हे गावाकडचे उपाय मी डोळ्यांनी पाहिले आहेत. कोंबडी त्यात फार हाल सोसते. करू नका.

आता बसवलेल्या कोंबडीकडे परत. पिल्लं निघाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत आई त्यांना हाकलायला लागते. आदल्या दिवशी पंखाखाली घेतलेल्या पिल्लाला दुसऱ्या दिवशी टोचते. पहिल्यांदा बघताना जिवाला लागतं, पण तिचं अंग पुन्हा अंड्यांवर येत असतं, तुरा परत लाल व्हायला लागलेला असतो. त्याच संध्याकाळी पिल्लांना वेगळ्या खुराड्यात घ्या, सगळी एकत्र, म्हणजे एकमेकांच्या उबेला झोपतात. आणि ती आई पुढच्या वेळी लगेच खुडूक झाली तरी तिला त्या खेपेला बसवू नका. तिचं उतरलेलं वजन भरून यायला एक पाळी जाऊ द्या, दुसऱ्या कोंबडीला बसवा.